दहापट

सप्टेंबरात निश शहरभर मिरच्या भाजतात.
गल्लीगल्लीत पत्र्याच्या चुली,
करपलेली सालं, ती सोलत बसलेली माणसं.
मियोद्रागच्या नखांत तीच काजळी होती
तो वुकोसावाच्या तळघरातल्या दुकानाच्या
सहा पायऱ्या उतरला तेव्हा.
काखेत टॉवेलात गुंडाळलेला प्रीॲम्प,
दुसऱ्या हातातल्या, बंद तुटायला आलेल्या पिशवीत
नवाकोरा पॉवर ॲम्प.

"दोन्ही ठणठणीत आहेत," तो म्हणाला,
"वेगवेगळे असले की.
एकत्र आणले की आवाज येतो पातळ, किरकिरा,
वरवरचा. खालचं काहीच नाही.
आणि खालीच तर तिहोमिर आहे."

तिहोमिर, धाकटा भाऊ. मार्चमध्ये गेला.
एकतीस वर्षं हॉटेलच्या वाद्यवृंदात
खांबाशेजारी उभं राहून डबल बास वाजवला.
लोकांच्या लग्नाच्या फोटोंत
त्याचा अर्धा खांदाच येतो.
हा दोन व्हॉल्व्हचा डबा त्यानेच जोडला,
रात्री, बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून.

वुकोसावाने चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला.
बावीस वर्षं व्हॉल्व्हच्या कारखान्यात
भिंगाखाली केसाएवढ्या तारेची जाळी बसवणारी बाई.
कारखाना गेला, मान अजून त्याच कोनात.
सोल्डरचे टिपके एकेक बघून म्हणाली,
"हात चांगला होता."
मग मीटर लावून कागदावर दोन आकडे लिहिले:
आठ हजार ओहम. दहा हजार ओहम.

"बघ, तुझ्या भावाचा हा हळू बोलणारा.
आणि तुझा नवा, ऐकता ऐकता
बोलणाऱ्याचं मनगट धरून ओढतो.
अर्ध्याहून जास्त आवाज ओढाताणीतच संपतो.
त्यात दाराशी हा कपॅसिटर, मुगाच्या शेंगेएवढा,
जाड सुरांना तो आधी बाहेर ठेवतो.
ऐकणाऱ्याचा आकडा बोलणाऱ्याच्या दहापट तरी हवा.
आकडा मोठा, म्हणजे मागणी कमी.
कमी मागेल त्यालाच सगळं ऐकू येतं.
विजेचं सांगतेय हं.
माणसांचं मला विचारू नकोस, माझे दोन संसार मोडले.

कपॅसिटर मोठा घालते. पाच मिनिटं."

तो बोलला नाही. डब्यावर हात ठेवला,
ताप बघताना कपाळावर ठेवतात तसा.
तिने तापलेला आयर्न परत स्टँडवर ठेवला.

मग सुरू झाली सोयरीक.
पहिला फारच तिखट कानाचा,
डबा नुसता श्वास घेई तरी हा फिसफिसाट करी.
दुसरा घरात पाऊल टाकताच घुमायला लागला.
तिसरी जोडी माळ्यावरच्या पोत्याखाली होती,
पिरोटचा एक दंतवैद्य दुरुस्तीला टाकून गेला
तो फिरकलाच नाही.
व्हॉल्व्हचेच, दोघांना मिळून उचलावे लागले.
तिने मीटर लावला. आकडा वाचून दाखवला नाही,
नुसता कागद त्याच्याकडे सरकवला.
एक लाख.

कॅसेट फिरली. हॉटेलातली रात्र, काटेचमचे,
कोणाचा तरी खोकला.
आणि काउंटरवरची स्क्रूंची बरणी थरथरली.

गाणारी बाई एका कडव्यात सुरावरून घसरली,
किंचितच.
खांबाशेजारून एक सूर लांबत तिच्याखाली आला,
ती सावरेपर्यंत तिथेच थांबला,
मग आपल्या जागी गेला.
टाळ्या पडल्या, बाईंना.

"त्यातल्या माझ्याही आहेत," मियोद्राग म्हणाला.
"पुढच्या टेबलावर होतो मी."

वुकोसावा काही बोलली नाही, बरणी सरळ केली.

पैशांचं विचारलं तर म्हणाली,
"तुझा नवा इथे ठेव. वाईट नाही तो बिचारा.
त्याला दणकट बोलणारा लागतो. येईल कोणीतरी."

बटण बंद केलं तरी
व्हॉल्व्ह अजून तांबूस होते.
"गरम गुंडाळू नकोस," तिने बजावलं,
आणि दिवा मालवून शटरची किल्ली शोधायला लागली.
तो टॉवेल हातात धरून
उभा राहिला.