मायमूळ

खण, हिस्किया, पण वेलीच्या बुंध्याशी नको.
हातभर लांबून सुरुवात कर.
कुदळ ठेव, ही काठी घे.
कलाहारीच्या वाळूला काठी कळते.

वर काय दिसतं? चार सुकली पानं
आणि हे आकड्यांचं फळ,
शेळीच्या खुरात रुतलं की तिला तीन दिवस लंगडवणारं.
गोऱ्या मालकांनी नाव ठेवलं सैतानाचा पंजा.
त्यांना वरचंच दिसलं.

खाली, पार खोल, मायमूळ उभं असतं.
त्याला हात लावायचा नाही.
त्याच्यापासून लांब पांगलेले कंद, रताळ्यासारखे,
तेवढेच आपले.
तेही सगळे नाहीत.

तापात आईनं मला याचा काढा पाजला,
आठवडाभर साखरसुद्धा कडू लागली.
गळवावर मेंढीच्या चरबीत कालवून लावतात.
बाळंतिणीला देतात, पण मूल बाहेर आल्यावर;
आधी चुकूनही नाही.
सालमॉनला साप चावला तेव्हाही आम्ही लावलं होतं.
उपयोग झाला नाही.
हेही लक्षात ठेव: औषध आहे, देव नाही.

चकत्या पातळ काप. जाळीवर वाळव, पत्र्यावर नको.
ट्रकवाला गुरुवारी येतो.
काटा त्याचा, वही त्याची, घाईही त्याचीच.
म्हणतो, समुद्रापल्याड म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात,
तिथे याच्या गोळ्या होतात,
पांढऱ्या डबीत, लहान मुलांना उघडणार नाही अशा झाकणाच्या.

मला हसू येतं.
चाळीस वर्षं मी गुडघ्यांवर बसून खणते आहे
त्यांच्या गुडघ्यांसाठी.
माझे? ऐकलेस ना मघाशी, बसताना कसे वाजले.
काळ्या पडलेल्या चकत्या तो बाजूला फेकतो,
त्या मी गोळा करते, रात्री उकळते.

पलीकडच्या कुंपणाशी एकानं मायमूळच उपटलं,
दोन किलो जास्त भरलं म्हणे.
तो खड्डा अजून तसाच उघडा आहे.
गेल्या महिन्यात त्यात वासरू पडलं.

पुरे. तो धाकटा कंद राहू दे.
आता वाळू लोट. पायानं नाही रे, हातानं.
दाब. अजून थोडी.
झाकलं नीट?

मग इकडे ये, हात दे.
मला उठायचंय.