पायाखालचं

पायलटला समोरचं दिसतं,
बाजूचं दिसतं, काटे आणि आकडे दिसतात.
पायाखालचं दिसत नाही. शेपटीचं तर नाहीच.
त्यासाठी मी असतो,
उघड्या दारात पालथा,
कमरेला पट्टा, कानात सगळ्यांचे श्वास.

‘पुढे चार. पुढे तीन. उजवीकडे एक. स्थिर.’
एवढंच बोलायचं.
आपल्या शब्दावर एवढं मोठं धूड सरकतं
हे पहिल्यांदा कळलं तेव्हा
दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो.

जानेवारी. रात्री सव्वादोनला कुलाब्याहून उठलो.
मागे कफ परेडच्या दोनचार जाग्या खिडक्या,
पुढे प्रॉन्ग्जचा दीप,
आणि खडकाच्या अलीकडे नांगर तुटलेला बार्ज.
त्यावर पाच माणसं नि एक क्रेन,
कुणीच न आवरलेली.

नेगी दोरावर खाली चालला होता.
माझा एक हात केबलवर, हातमोज्यातून तिची थरथर.
तेवढ्यात बार्ज फिरला
आणि क्रेनचा हात, अंधारातून, सावकाश,
आपल्या शेपटीकडे यायला लागला.

मी म्हणालो, ‘सर, शेपटी. क्रेन.’
इंग्रजीत म्हणालो. हळू म्हणालो.
कमांडर डिमेलो म्हणाले, ‘थांब.’
एकवीस वर्षांचं उड्डाण त्या एका शब्दात होतं.
मी थांबलो.

क्रेन थांबली नाही.

मग कानात लेफ्टनंट सबनीस,
आमच्यात सगळ्यांत नवी, आवाज किंचित चिरका,
‘तांडेल, काय दिसतंय? पुन्हा बोल. मोठ्यानं.’
आणि माझ्या तोंडून जे निघालं
त्यात ‘सर’ नव्हतं, इंग्रजी नव्हतं,
‘वर! वर घे! वर!’

डिमेलो वसईचे.
कोण बोललं, कुणाला बोललं, विचारलं नाही.
मशीन उचललं.
नेगी दोरासकट झोका घेत वर,
आणि आपण एक क्षण आधी जिथे होतो तिथून
क्रेनचा हात रिकामा गेला.

नंतर पाचही माणसं काढली.
शेवटचा, खलाशी, वर आल्या आल्या
माझ्या बुटाला धरून बसला तो तळापर्यंत.

पंखा थांबला तरी कुणी उतरेना.
डिमेलोंनी हेल्मेट मांडीवर घेतलं.
‘पहिल्या आणि दुसऱ्या हाकेत चार सेकंद गेले.
कुठे होतास?’
खोटं सुचलं असतं तर बोललो असतो.
‘घरी होतो सर. ओसरीवर. बाबा जेवत होते.’

सबनीस हसली नाही. डिमेलोही नाहीत.
थोड्या वेळाने म्हणाले, ‘बाबा काय करायचे?’
‘होडी होती. करंजाची.’
‘होडीवरही गप्प बसायचास?’

आणि मला आठवलं,
नाळीवर मी, आठ वर्षांचा, चड्डी ओली,
‘बाबा, खडक!’ म्हणून बोंबललो होतो,
आणि ज्या माणसापुढे घरात
मीठ मागायलाही आम्ही आईकडे बघायचो,
त्याने मागे वळूनही न बघता
सुकाणू फिरवलं होतं.
बक्षीस नाही, शाबासकी नाही.
रात्री ताटात माझ्याकडे एक बोंबील जास्त.

अहवालात ‘चूक’ या रकान्यात
डिमेलोंनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं,
‘थांब म्हणालो. का, ते विचारलं नाही.’
खाली दुसरं माझं. अक्षर तेच, तितकंच सुबक.
ते बरं वाटलं. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

पुढच्या गुरुवारी ब्रीफिंगला
नकाशा, वारा, इंधन सगळं झाल्यावर
ते म्हणाले, ‘आणि मला खालचं दिसत नाही.
कुणाला काही दिसलं तर?’
खोलीत पंख्याचा आवाज.
कोपऱ्यातला नवा पाणबुड्या पोरगा,
येऊन तीन दिवस झालेला, उभा राहिला, बसला,
परत उभा राहिला.

‘सर, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय.’

डिमेलो वाकले आणि बांधायला लागले.
आम्ही सगळे थांबलो, गाठ बसेपर्यंत.