सांडवा

एसी बसला त्याच दिवशी कूलर देऊन टाकला.
केवळबाईचा पोरगा हातगाडा घेऊन आला,
पत्र्याचा तो खोका दोरीनं आवळून नेला,
आणि मी फाटकापाशी उभा राहिलो
जरा जास्तच वेळ,
गल्लीतलं कुणी बघतंय का ते बघत.

रात्री एकवीसवर गार पडल्या पडल्या वाटलं,
ह्याला काहीतरी शब्द असेल.
दान म्हणावं, तर हातावर पाणी सोडावं लागतं;
मी सोडला होता फक्त व्हरांड्याचा एक कोपरा.
त्याग तर नाहीच.
सढळ हात म्हणावं, तर तो हात आजवर
पेन्शनच्या पासबुकावरच सढळ फिरलेला.

सकाळी नानलपेठेत मुनीरसाहेब भेटले.
उर्दू शाळेतून रिटायर झालेला माणूस,
चहा बशीत ओतत म्हणाले,
"सखावत म्हणू नका, ती फार मोठी चीज.
खैरात म्हणाल, तर घेणारा लहान होतो.
तुमचं पोट भरलं, तुम्ही ताट सरकवलं.
आमच्या जबानीत त्याला लफ्ज नाही, साहेब,
ढेकर आहे."

हसलो. पण पाटबंधाऱ्यात एकतीस वर्षं काढलेला मी,
शब्द माझ्या घरातच होता.
सांडवा.
धरण देत नाही. धरण भरतं.
भरून जे मावत नाही ते सांडव्यावरून जातं,
आणि खालची गावं नारळ घेऊन काठावर येतात.
आम्ही रजिस्टरात लिहायचो:
विसर्ग, इतके क्युसेक, इतके वाजता, सही.
औदार्य असा रकाना नव्हता.

डायरीत लिहून टाकला.
शब्द सापडला की माणूस सुटतो.

मे अर्ध्यावर आला तेव्हा केवळबाई दोन दिवस आली नाही.
मोरीत भांड्यांचा ढीग, म्हणून गेलो तिच्या वस्तीत.
दुपारचे तीन.
कूलर तिच्याच दारात, पण तोंड समोर वळवलेलं,
समोरच्या खोलीत धुराजी गवंडी,
पराचीवरून पडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर.
आणि केवळबाई नळावर,
नंबराला लावलेल्या हंड्यांच्या रांगेत.
नळ नवव्या दिवशी येतो तिकडं.
कूलर दिवसाला चार बादल्या पितो.
हे मला, पाटबंधाऱ्याच्या माणसाला,
देताना आठवलं नव्हतं.

म्हटलं, केवळबाई, तुमच्यासाठी दिला होता.
"मंग? हाय की माझाच.
लई घरघरतंय बगा, मला झोप लागंना त्याच्याजवळ.
धुराजीच्या पायाला खाज सुटती, त्याला बरं हाय.
मी आपली लिंबाखाली, निवांत."

निवांत.
म्हणजे तिनंही नको तेच दिलं?
मग त्या चार बादल्या, रोजच्या,
त्या कुठल्या सांडव्यावरून गेल्या?
विचारावं वाटलं. विचारलं नाही.
तिनं तांब्या भरून पुढं केला, काठोकाठ.
मी सगळा प्यायलो.

घरी येऊन डायरीतला शब्द खोडला.
त्याच्यापुढं दुसरा काही सुचला नाही.
एसी सव्वीसवर केला.
तासाभरात उकडायला लागलं,
परत एकवीस.