डावं शिंग

नमुना निवडा, असं पडदा म्हणाला.
"हरवले आहे" या सदरात सतरा नमुने निघाले,
गुलाबी पार्श्वभूमीवर कुत्र्याची पिल्लं,
एकात पोपट.
गाय एकातही नाही.

राचाच्या या खोऱ्यात सकाळी गाई रस्त्यावर येतात, बस थांबते,
संध्याकाळी ज्या त्या आपापल्या दारी परततात.
निशा सोमवारी परतली नाही.
निशा म्हणजे आमच्या भाषेत खूण:
कपाळावर चुन्याचं बोट टेकवावं तसा तिचा ठिपका.
म्हणून "माझा आवडता ऋतू" बाजूला ठेवला
आणि सातवीच्या सहा जणांना म्हटलं,
आज खरंखुरं पोस्टर करू.

फॉन्ट तीनशेच्या वर.
आमची लिपी त्यातल्या दोघांनाच कळते.
बाकीच्यांत "हरवली" या शब्दाचे
नुसते रिकामे चौकोन उमटतात,
एका रांगेत, दारं-खिडक्या नसलेल्या घरांसारखे.
मॅडम, गाव दिसतंय आपलं, झुरा म्हणाला.
हसावं की नाही, कुणाला ठरवता येईना.
मग सगळेच हसलो.

फोटो एकच होता, ग्वांत्साचा सेल्फी,
मागून निशा डोकावतेय.
पार्श्वभूमी काढा, हे बटण दाबलं:
डोंगर गेला, कुंपण गेलं, निम्मी शेपटी गेली.
ग्वांत्साला आम्ही हातानेच कापून काढलं,
पण गाईच्या मानेवरचा तिचा हात
काही केल्या निघेना.
राहू दे, ती म्हणाली, निशाला सवय आहे त्याची.

एका पानावर सहा बाण फिरत होते,
प्रत्येकाला नाव, प्रत्येकाचा रंग वेगळा.
तासोने बक्षीस लिहिलं: चीजची अख्खी चकती.
मी फळ्यापाशी सांगत होते, जागा मोकळी सोडा,
डोळ्यांनाही टेकायला जागा लागते.

तेवढ्यात सातवा बाण आला. नारिंगी.
बाचाना.

वर्गात कुणी बोललं नाही.
त्याची आई बारीला गेली, एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करायला,
सप्टेंबरात त्यालाही घेऊन गेली,
घराला कुलूप, गाय ग्वांत्साकडे.
गेलेल्या मुलाकडून वर्गाची लिंक काढून घ्यायची असते,
हे मला सुचलंच नव्हतं.

बाण जरा वेळ कोपऱ्यात थांबला,
पायपुसण्यावर माणूस थांबतो तसा.
मग थेट गाईवर गेला
आणि आरशातल्यासारखी तिला फिरवली.
मोडकं शिंग उजवीकडून डावीकडे आलं.
अरे हो, म्हणत ग्वांत्सा
स्वतःच्याच डोक्यावर डावं-उजवं चाचपू लागली.
सेल्फीत सगळं उलटं येतं,
हे मीच शिकवलं होतं, मागच्या आठवड्यात.

खाली, "दिसल्यास कळवा"च्या जागी
त्याने टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं:
आधी आमच्या फाटकापाशी बघा.

खुर्च्या पडल्या.
सहाही जण पळाले, कोट टाकून, बर्फाच्या चिखलातून.
पडद्यावर सहा बाण जिथल्या तिथे गोठलेले,
एक नारिंगी, आणि माझा.
जेवलास का, मी लिहिलं. पुसलं.
तिकडची शाळा कशी आहे, लिहिलं. तेही पुसलं.
तो हलत नव्हता. गेलाही नव्हता.

वीस मिनिटांनी खिडकीखाली झुराचा आवाज फुटला.
मी टाइप केलं: आहे.

मग शीर्षकातलं एकेक अक्षर
शेवटाकडून पुसत गेलं.
गाय राहिली, मानेवरचा हात राहिला,
चीजची चकती राहिली.
ती इटलीला कशी पाठवतात, टपालात विचारायचंय.

त्या तासाचे गुण मी अजून भरलेले नाहीत.
हजेरीत सहाच नावं आहेत.