पायगुण

गल्लीत सगळ्यांना ठाऊक : ओतारचा पायगुण चांगला.
ज्या वर्षी तो तापाने पडून राहिला
त्या वर्षी नुगझारच्या छपराचा पत्रा उडाला,
त्सियालाची गाय आटली,
आणि बोल आला माझ्या काढ्याला.

म्हणून एक जानेवारीला उजाडताना
उंबऱ्याआत पहिलं पाऊल त्याचंच.
अकरा घरं, सगळी चढावर. खाली रियोनी नदी, वर दफनभूमी.
दर घरी एक पेला, दर घरी एक गोझिनाकी :
मधात आळवलेल्या अक्रोडांची वडी,
दातांना चिकटणारी, नको म्हणता न येणारी.

पण ऑक्टोबरात त्याच्या छातीत
पेराएवढी तारेची जाळी बसवली
आणि डॉक्टर खातुनाने कागदावर लिहिलं :
चालणं. गोड बंद. दारू बंद.
मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून
तिनेच सुस्कारा सोडला.
आमच्याकडे नवं वर्ष दोनदा उगवतं,
एक तारखेला एकदा, चौदाला पुन्हा,
मधे सातला नाताळ,
आणि त्या दोन आठवड्यांत ताट कोरडं होत नाही.
'पंधरापासून बघू,' असं इथे सगळेच म्हणतात.
वरच्या थडग्यांवर ते कोरून ठेवायलाही हरकत नाही.

मी भांडले नाही.
डिसेंबरभर रोज सकाळी त्याचे बूट दाराशी ठेवले,
टोकं बाहेरच्या दिशेला.
तो शिव्या देत निघायचा,
आधी पुलापर्यंत, मग बाजारापर्यंत.
एक दिवस शिव्या विसरून परत आला
आणि म्हणाला, आज नदीवर धुकं नव्हतं.

एकतीसच्या रात्री मी त्याच्या कोटाच्या खिशांना
आतून मेणकागद शिवला.
"वडी घे, आशीर्वाद दे, खिशात टाक.
पेला ओठांपर्यंत ने, ओठांच्या आत नको."
"हे चोरासारखं झालं."
"चोर पळतो. तू चालत ये."

दुपारी आला. गाल लाल, मिशीत हिमाचे कण,
श्वास (मी कान लावून ऐकला) सरळ.
चिचिलाकीच्या पांढऱ्या लाकडी दाढीखाली
मी खिसे रिकामे केले.
दहा.
पुन्हा मोजल्या. दहाच.

तो बूट काढत राहिला,
नाडीची गाठ सुटतच नसल्यासारखा.
"लामाराकडे," म्हणाला शेवटी.
"मुलगा गेल्यापासून
तिच्या दारात कुणी फिरकत नाही.
तिने एकच केली होती. बशीत मधोमध.
समोर बसून बघत होती,
मी चावतो की नाही."

मी गप्प.
मार्चपासून त्या घरात मीही गेले नव्हते.
रोज तिच्या फाटकावरून पावाची पिशवी घेऊन
जरा भरभर चालत आले होते, इतकंच.

दुसऱ्या दिवशी दाराशी बुटांचे जोड दोन.
पुलाकडे न उतरता आम्ही डावीकडे वळलो.
चढ माझ्या आठवणीपेक्षा उभा होता;
मधे दोनदा मीच थांबले, तो नाही.

"पाय मोकळे करायला येतेस?"
लामारा आत गेली. शाल शोधायला
तिने फार वेळ लावला.
आम्ही उंबऱ्याबाहेर उभे,
ओतार जागच्या जागी पावलं आपटत.
गारठ्यामुळे, म्हणाला.
पण ओठ हलत होते त्याचे.
मोजत होता.