रिकामा सिलिंडर

एल्सिरा कागद पुन्हा उलगडते:
बारा तासांचे इतके पेसो,
पहिला तास फुकट.

वालपाराइसोच्या या टेकडीची लिफ्ट मार्चपासून बंद.
एकशे चौसष्ट पायऱ्या,
आणि गॅसवाला पोरगा वर यायचे वेगळे मागतो.

ट्रेनर नाहुएल, तिच्या धाकट्याहून लहान,
विचारत होता, ध्येय काय? वजन? कंबर?
बघू, म्हणाली ती.
सिलिंडर म्हणायची लाज वाटली.

रेमिहियो आणायचा तो एका खांद्यावर, शीळ घालत,
आणि ही दारातून ओरडायची,
हळू, भिंत खरवडेल.

ओरखडा अजून आहे.

रात्री ती रिकाम्या सिलिंडरला कवेत घेऊन उचलते.
गुडघ्यापर्यंत.
ठेवताना आवाज होतो,
खालच्या घरातला दिवा लागतो.
ती थांबते,
मग पुन्हा वाकते,
या वेळी मोजत.