ताबा

कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल आहे,
शिवाजीनगरला, झेरॉक्सवाल्याच्या छत्रीत अर्धं.
पानाला तीस रुपये, दुरुस्ती फुकट.
रडायचं असेल तर स्टूल आहे, त्याचे घेत नाही.

वकिलाला विचारायचं ते लोक मला विचारतात.
बाई, सहा महिने थांबावंच लागतं का?
थांबायला सांगतात. कधी माफही करतात, साहेबांच्या मनावर.
मूल पाचाच्या आतलं असलं की आईकडेच ना?
बहुतेक.
बहुतेक म्हणजे नक्की नव्हे, हे मी रोज सांगते
आणि रोज कुणीतरी नक्की एवढंच ऐकून जातं.

अठरा वर्षं टाइप करतेय.
शब्दच असे करून ठेवलेत कुणीतरी.
घटस्फोट म्हणे. स्फोट मी एकदाही ऐकला नाही.
घट पाझरतो, दहा-दहा, बारा-बारा वर्षं,
मग एक दिवस कुणीतरी पेला बुडवायला जातं.
परस्पर संमती. आमच्या घरी परस्पर म्हणजे
न विचारता, मागच्या मागे:
परस्पर गाडी विकली, परस्पर गावाला गेला.
आणि ताबा.
फ्लॅटचा ताबा, मुलाचा ताबा, बटणं तीच दाबायची.
एकदा फ्लॅटचं वाक्य चुकून मुलाच्या अर्जात गेलं,
‘सुस्थितीत, सर्व किल्ल्यांसह’.
वकिलांनी हसत खोडलं.
मला दोन दिवस घास उतरला नाही.

मंगळवारी काळोखे नवराबायको आली, एकाच स्कूटरवर.
पेट्रोल वाचतं, म्हणाली.
वैजयंती आणि तिचा निखिलेश. तिचा, म्हणजे अजून अकरा दिवस.
अटींची यादी तिनं वहीच्या पानावर आणलेली:
पाटल्या दोन, आईकडची कढई, शिलाई मशीन.
अन्वय तिच्याकडे. दुसरा-चौथा शनिवार त्याच्याकडे,
वडगाव बुद्रुकला, दहा ते सहा. सायकल मात्र इकडेच.
फी अर्धी-अर्धी.
चष्म्याचे कोण देणार यावर दहा मिनिटं गेली,
मग दोघंही एकदमच ‘मी’ म्हणाली
आणि दोघांनाही त्याचा राग आला.

मग तिनं विचारलं,
सासूबाईंना डायलिसिसला मीच नेते, मंगळवार-शुक्रवार.
ह्यानं हात धरला की त्या थरथरतात.
हे कुठे लिहायचं?

मी रकाने पाहिले. मिळकत, दागिने, अज्ञान मूल.
सासू कुठेच नव्हती.
कायद्यात सून संपली की सासूही संपते.
वकील फोनवर म्हणाले, असंबद्ध आहे, काढा.
निखिलेश माझ्या टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी
बुटानं नीट सरकवत होता, टेबल हलू नये म्हणून.
वर न बघता म्हणाला,
लिहा हो. नाही वाचलं कुणी तर नाही.

लिहायला घेतलं. अट क्रमांक अकरा:
अर्जदार क्रमांक एक या
अर्जदार क्रमांक दोन यांच्या मातोश्रींना
इथवर आले आणि क्रियापद सुचेना.
नेतील? नेत राहतील? नेण्यास जबाबदार राहतील?
जबाबदार लिहावं तर उद्या कुणी तिलाच कोर्टात खेचेल.
नेतील लिहावं तर नुसता भविष्यकाळ,
त्याच्यावर तर सगळे इथे भांडायला येतात.
इच्छा असल्यास, असं टाकून पाहिलं.
तिनं वाचलं आणि मान हलवली, नाही.
इच्छेचं नाही हो ते.

मग घड्याळ बघून उठलीच.
बाई, तुम्ही लावा काहीतरी नीट,
आज मंगळवार आहे, साडेतीनचा नंबर आहे त्यांचा.

दोघं गेली. स्कूटर ती चालवत होती,
तो मागे, दोन्ही हेल्मेटं त्याच्याच मांडीवर,
सिग्नलच्या अलीकडे थांबून घातली.
पैसे द्यायचे राहिले.

कर्सर अजून तिथेच लुकलुकतोय,
मातोश्रींना, च्या पुढे.